बेचाळीस लाखांचे ठाणे: आकड्यामागचे गणित

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ठाण्याची लोकसंख्या अमुक सालापर्यंत अमुक लाख होणार आणि तिला इतके दशलक्ष लिटर पाणी लागणार, अशा बातम्या आपल्या दैनिकाच्या ठाणे पानावर मी गेली कित्येक वर्षे वाचत आलो आहे. तो आकडा कोणत्या रीतीने काढला हे बातमीत नसते. त्यात बातमीदाराचा दोष नाही, कारण ज्या सादरीकरणातून तो आकडा येतो, तिथेही ते सांगितलेले नसते. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेच्या मुलांना पाणीपुरवठा हा विषय जवळपास तीस वर्षे शिकवला. त्या विषयाच्या सुरुवातीलाच ‘लोकसंख्येचा अंदाज’ हे प्रकरण असते आणि मुले ते पाच गुणांचे हमखास उदाहरण म्हणून पाठ करतात. शहराचे नियोजन त्याच पाच गुणांच्या उदाहरणावर उभे असल्याने मी जरा विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली, तर माझी मते कापावीत, आकडे ठेवावेत, ही विनंती.

आकड्यांपासूनच सुरुवात करतो. ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१च्या जनगणनेत ८,०३,३८९, २००१ मध्ये १२,६२,५५१ आणि २०११ मध्ये १८,४१,४८८ होती. १९८१चा ३,०९,८९७ हा आकडाही उपलब्ध आहे, पण तो या रांगेत बसवता येत नाही. कारण महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली, त्या वेळी आजूबाजूची गावे शहरात घेतली गेली आणि हद्दच बदलली. ज्यांना ठाणे दहा वर्षांत अडीचपटींहून अधिक फुगले असे दाखवायचे असते, ते हा आकडा हटकून वापरतात. २०२१ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. म्हणजे ज्या शहरात दर महिन्याला नवे टॉवर उभे राहतात, त्याच्याविषयी आपल्या हाती विश्वासार्ह असे तीनच बिंदू आहेत, आणि त्यांतला शेवटचा १५ वर्षांहून जुना आहे.

या तीन बिंदूंवरून २०३१ सालचे ठाणे काढायचे म्हटले, तर पाठ्यपुस्तकात चार रीती सापडतात. दर दशकाला सरासरी ५ लाख १९ हजारांची भर पडते असे धरले, तर २०३१ मध्ये सुमारे २८.८ लाख लोक होतात. ही भर स्वतःही दर दशकाला वाढते असे धरले, तर ३२.४ लाख. लोकसंख्या दर दशकाला ठरावीक पटीने वाढते असे मानले, म्हणजे भूमितीय श्रेणी लावली, तर ४२.२ लाख. आणि साधनांच्या मर्यादेमुळे वाढ हळूहळू मंदावत जाते असे मानले, तर ३०.२ लाख. शहर तेच, जनगणना त्याच, कॅल्क्युलेटरही तोच, आणि तरीही पहिल्या व तिसऱ्या उत्तरात १३ लाखांहून अधिक माणसांचा फरक आहे. ज्याला मोठी योजना मंजूर करून घ्यायची आहे तो तिसरी रीत निवडेल, ज्याला खर्च टाळायचा आहे तो पहिली निवडेल, आणि दोघेही ‘शास्त्रीय पद्धतीने काढलेला अंदाज’ असेच म्हणतील. वर्गात मी मुलांना विचारत असे, की यांतली बरोबर रीत कोणती. बहुतेक मुले ज्या रीतीचे सूत्र त्यांना पाठ असे, तिचे नाव घेत.

चौथ्या रीतीकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण साधने मर्यादित आहेत हे वास्तव गणितात आणण्याचा प्रयत्न या चौघींत तीच काय ती करते. इंग्लंडमध्ये १७९८ साली माल्थस या अर्थशास्त्रज्ञाने मांडले होते, की लोकसंख्या भूमितीय श्रेणीने वाढते आणि अन्न अंकगणितीय श्रेणीने, त्यामुळे दोघांची गाठ संकटातच पडते. हे संकट येते कसे आणि त्याच्या आधी काय घडते, याचे समीकरण त्याच्याकडे नव्हते. ते १८३८ साली पियेर फ्रांस्वा व्हरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने दिले आणि १८४५ मध्ये त्याने त्या वक्राला ‘लॉजिस्टिक’ हे नाव दिले. समीकरण शब्दांत सांगण्याइतके सोपे आहे. वाढीचा वेग हा असलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतो, पण त्याला उरलेल्या जागेच्या अपूर्णांकाने गुणायचे. जागा १०० माणसांची आणि माणसे १० असतील, तर मूळ वेगाचा नऊ-दशांश भाग लागू पडतो. माणसे ९० झाली, की एक-दशांश. ही जी १०० माणसांची जागा, तिला धारणक्षमता म्हणतात. वक्राचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा होतो: आधी सावकाश, मग झपाट्याने आणि शेवटी पुन्हा सावकाश, सर्वांत जास्त भर धारणक्षमतेच्या बरोबर निम्म्यावर असताना पडते.

तलावांच्या शहरात राहणाऱ्यांना हे जलपर्णीवरून चटकन कळेल. एक कोडे सर्वांनी ऐकलेले असते: जलपर्णी रोज दुप्पट होते आणि तिसाव्या दिवशी तलाव भरतो, तर अर्धा तलाव कधी भरला होता? उत्तर एकोणतिसावा दिवस. हे कोडे माल्थसच्या घरचे आहे. खरी जलपर्णी अशी वागत नाही. उल्हास नदीत मोहन्याजवळ तिचा गालिचा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की पाण्याचा निम्मा पृष्ठभाग व्यापल्यानंतर नव्या रोपाला पसरायला कडा कमी उरतात, पाने एकमेकांच्या सावलीत येतात, आणि शेवटचे काही फूट पाणी झाकायला तिला बराच वेळ लागतो. व्हरहुल्स्टचे समीकरण तिला चांगले लागू पडते, कारण तलावाचा काठ कुणी सरकवत नाही. शहराचा काठ सरकतो, आणि माझे पुढचे सगळे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे.

धारणक्षमता कुठून आणायची, हा खरा प्रश्न. पाठ्यपुस्तक सांगते, की समान अंतरावरच्या तीन जनगणना घ्या, एका सूत्रात घाला, आणि धारणक्षमता आपोआप बाहेर पडेल. मी १९९१, २००१ आणि २०११चे वरचे आकडे घातले, तर ठाण्याची धारणक्षमता ४१.९ लाख येते, म्हणजे ठोकळमानाने ४२ लाख. त्या हिशेबाने वक्राचा मध्यबिंदू २०१५च्या सुमारास ओलांडला गेला आणि आता आपण मंदावणाऱ्या अर्ध्या भागात आहोत. ऐकायला किती बरे वाटते! पण आता २०११ची मोजणी ५ टक्क्यांनी कमी झाली होती असे समजू. भाड्याच्या खोल्या, बंद दारे, चाळीतली कुलपे आणि प्रगणकाला ‘उद्या या’ म्हणणारी घरे ज्याने पाहिली आहेत, त्याला ५ टक्के फार वाटणार नाहीत. ५ टक्के वाढवून तेच सूत्र पुन्हा चालवले, तर धारणक्षमता ४२ लाखांवरून १०८ लाखांवर जाते. उलट ५ टक्के घटवले, तर ती साडेसत्तावीस लाखांवर उतरते. आणि २०११चा आकडा ८ टक्क्यांनी वाढवला, तर उत्तर ऋण येते, म्हणजे ठाण्यात शून्यापेक्षाही कमी माणसे मावतात. परीक्षेत एका विद्यार्थ्याचे असे ऋण उत्तर आले होते आणि ‘उत्तर चुकले असावे’ असे त्याने प्रामाणिकपणे खाली लिहिले होते. त्याची आकडेमोड बरोबर होती, म्हणून मी त्याला पूर्ण गुण दिले.

सूत्रात चूक नाही. वक्राचा सुरुवातीचा आणि मधला भाग पाहून त्याचा माथा कुठे असेल हे ओळखायला सांगितले, तर असेच होणार, कारण मध्याच्या आसपास सर्व वक्र एकमेकांसारखे दिसतात. खुद्द व्हरहुल्स्टची हीच गत झाली. त्याने बेल्जियमची कमाल लोकसंख्या आधी ६६ लाख काढली, दोन वर्षांनी हिशेब सुधारून ९४ लाख केली, आणि आज त्या देशात १ कोटी १० लाखांहून अधिक लोक राहतात. १९२० साली अमेरिकेत रेमंड पर्ल आणि लॉवेल रीड यांना हाच वक्र नव्याने सापडला. १७९० ते १९१० पर्यंतच्या जनगणनांवर तो इतका चपखल बसला, की अमेरिकेची लोकसंख्या १९ कोटी ७३ लाखांच्या आसपास स्थिरावेल असे त्यांनी सांगितले. १९७०च्या जनगणनेतच ती २० कोटींच्या पुढे गेली होती. त्यांच्या हाती १३ जनगणना होत्या. आपल्या हाती तीन आहेत.

आता दुसऱ्या टोकाकडून येऊ. धारणक्षमता वक्रातून न काढता पाण्यातून काढू. ठाणे शहराला स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महानगरपालिका या चार मार्गांनी मिळून दिवसाला सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर भागाकार ४३ लाख ३३ हजार येतो. वक्राने ४२ लाख म्हटले होते, पाण्याने ४३ लाख म्हटले. सादरीकरणात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, की सभागृहातली सगळी डोकी समाधानाने हलतील. मला स्वतःला हा योगायोग पहिल्यांदा दिसला तेव्हा क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. पण दोन बिघडलेली घड्याळे एकच वेळ दाखवतात म्हणून ती वेळ बरोबर ठरत नाही. आणि ४३ लाखांचे पाणी येत असेल, तर त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश वस्तीला टँकर का लागावेत, हा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे.

याचे उत्तर मला आमच्या सोसायटीच्या टाकीत सापडले. घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत १६८ सदनिका आहेत. ताबा मिळाल्यानंतर पहिल्या वर्षी २२ कुटुंबे आली, तिसऱ्या वर्षअखेर ६० झाली, पाचव्या वर्षी १२०, सातव्या वर्षी १५०, आणि उरलेल्या घरांचे दिवे लागायला आणखी पाच वर्षे गेली. व्हरहुल्स्टला दाखवावे असे हे चित्र आहे; इथली धारणक्षमता १६८, ती बिल्डरच्या नकाशात लिहिलेली आणि कुणालाही न सरकवता येणारी. पण जमिनीखालच्या टाकीचे गणित वेगळे होते. आमचा वॉचमन बांबूच्या एका काठीवर खिळ्याने खुणा करून ठेवतो, रोज पहाटे पाणी येऊन गेले की ती काठी टाकीत सोडतो, आणि ओल कुठवर चढली ते बघून वहीत आकडा लिहितो. ती वही मी सात-आठ वर्षांची चाळली. जलवाहिनीतून येणारे पाणी बऱ्या दिवशी ६५ ते ७० हजार लिटरांवर कधी गेले नाही. घरटी साडेचार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले, तर हे पाणी ११० कुटुंबांना पुरते. म्हणजे एकाच इमारतीला दोन धारणक्षमता होत्या: भिंतींची १६८ आणि पाण्याची ११०.

लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: पिकाची वाढ सर्वांत तुटपुंज्या खताने ठरते, इतर खते कितीही घातली तरी. त्याप्रमाणे आमच्याकडे कुटुंबांची वाढ ११०वर थांबायला हवी होती. ती थांबली नाही. एकशे अकरावे कुटुंब आले, एकशे पन्नासावेही आले, आणि फरक पडला तो मासिक देखभाल खर्चात: त्यात टँकरचा रकाना आला. टंचाईच्या दिवसांत दहा हजार लिटरचे तीन किंवा चार टँकर, सेक्रेटरींचे पहाटेचे फोन, वरच्या मजल्यांची आणि खालच्या मजल्यांची कुरबुर. जलपर्णीला जागा संपली की ती थांबते. माणूस थांबत नाही, तो पैसे मोजतो. म्हणून मर्यादित साधनांचे प्रतिमान शहराला जसेच्या तसे लावले, तर मर्यादा लोकसंख्येच्या आलेखात दिसतच नाही. ती टँकरच्या दरात, नळाच्या वेळेत आणि माजिवड्यापासून गायमुखापर्यंतच्या वाहनांच्या रांगेत दिसते, आणि यांतले काहीही आपण लोकसंख्येच्या आलेखाशेजारी काढत नाही.

५८५ला १३५ने भागताना आपण असेही धरून चालतो, की पाणी शेवटच्या थेंबापर्यंत घरांत पोचते आणि सगळ्यांना सारखे मिळते. समजा, शंभर लिटरांतले तीस लिटर गळती, बेहिशेबी जोडण्या आणि घरगुती नसलेला वापर यांत जातात (हा आकडा केवळ उदाहरणादाखल धरला आहे). तर ४३ लाखांचे ३० लाख होतात, आणि व्हरहुल्स्टच्या रीतीने तो आकडा आपण २०३१च्या सुमारास गाठतो. उरलेल्या पाण्याची वाटणी दाबावर ठरते: उंचावरची वस्ती, वाहिनीच्या टोकाची वस्ती आणि जुन्या अरुंद वाहिनीवरची वस्ती यांच्या वाट्याला सरासरी येत नाही. सरासरी १३५ असलेल्या शहरात कुणी २०० लिटर वापरतो आणि कुणी ७० लिटरवर भागवतो. शहराची धारणक्षमता म्हणून जी एक संख्या सांगितली जाते, तिच्या पोटात हे सगळे दडलेले असते.

व्हरहुल्स्टच्या समीकरणात आणखी एक गोष्ट गृहीत आहे: वाढ जन्म-मृत्यूंतून होते आणि गर्दी झाली की ती आपोआप मंदावते. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या कायम राखायला लागणाऱ्या २.१पेक्षा कमी. ठाण्यात माणसे वाढतात ती मुख्यतः मुंबईतल्या घरांचे भाव न परवडल्याने, उत्तर महाराष्ट्रापासून उत्तर प्रदेशापर्यंतच्या कामाच्या ओढीने, आणि आता जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी तीस-तीस मजले उभे राहत असल्याने. या वाढीचा वेग व्याजदरावर, चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआयवर) आणि मेट्रोच्या स्थानकांवर ठरतो. राज्याने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आणली, तेव्हा ठाण्याच्या भिंतींची धारणक्षमता अधिसूचनेच्या एका सहीने बदलली. पाण्याची धारणक्षमता त्या सहीने एका लिटरनेही बदलली नाही. तलावाचा काठ सरकतो असे मी वर म्हटले, तो असा. आणि एकाच तलावाचे दोन काठ दोन वेगवेगळी कार्यालये सरकवत असतील, तर कोणते समीकरण चालेल?

शिवाय ठाण्याची धारणक्षमता ठाण्यात नाहीच. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, त्याचे पाणी नदीने पिसे येथे येते, तिथे उचलले जाते आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला येते. तानसाही शहापूर तालुक्यातच, आणि ते एकोणिसाव्या शतकापासून मुंबईला पाणी देत आहे. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात, हे आपल्याच दैनिकाच्या ग्रामीण पानावर छापून येते. शहराच्या धारणक्षमतेची रेषा वर सरकवायची म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी उशाशी धरण बांधायचे. काळू आणि शाई या नियोजित धरणांची नावे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. त्यांतून शहराला किती लिटर मिळतील ते अहवालात मांडलेले असते, किती घरे आणि किती जंगल पाण्याखाली जाईल ते वेगळ्या अहवालात असते, आणि दोन्ही अहवाल एका टेबलावर क्वचितच येतात.

नवी मुंबईकर इथे म्हणतील, की आमचे मोरबे धरण आमच्या मालकीचे आहे. ते खरे आहे, आणि २००२ साली घेतलेला तो निर्णय दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, तेव्हा नवे शहर सुमारे २० लाखांसाठी आखले होते; म्हणजे तिथे धारणक्षमता निदान आधी लिहिली गेली आणि शहर नंतर आले. पण पुनर्विकासाचे वाढीव मजले आता वाशी-नेरुळमध्येही चढू लागले आहेत, आणि मोरबेची भिंत त्यांच्याबरोबर चढत नाही.

उशिराचा मुद्दा राहिला, आणि गणिताच्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. व्हरहुल्स्टच्या मूळ समीकरणात मर्यादेची जाणीव तत्काळ होते: जागा भरली, वेग उतरला. प्रत्यक्षात बांधकाम परवानगी आज मिळते, भोगवटा प्रमाणपत्र चार-पाच वर्षांनी, घर भरते त्यानंतर दोन-तीन वर्षांत आणि पाण्याची ओरड त्याच्याही नंतर ऐकू येते. समीकरणात असा उशीर घातला, की लोकसंख्या रेषेपाशी थांबत नाही. ती ओलांडून पुढे जाते आणि मग खाली येते. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ साली दाखवून दिले, की हेच साधे समीकरण वर्षावर्षाच्या टप्प्यांनी चालवले आणि वाढीचा दर पुरेसा मोठा घेतला, तर ते आधी दोन पातळ्यांमध्ये झोके घेते, मग चार, मग आठ, आणि शेवटी इतके बेताल होते, की पुढचा आकडा सांगताच येत नाही. निसर्गात याचे कठोर उदाहरण आहे. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडिअर सोडले होते. शिकारी प्राणी नव्हते, खायला दगडफूल भरपूर होते. १९६३ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ६,००० झाली, आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. सावकाश वाढणारे दगडफूल पुन्हा उगवायच्या आत खाऊन संपले होते आणि एका कडक हिवाळ्याने उरलेले काम केले.

ठाण्याचे असे होणार नाही. माणसांना टँकर मागवता येतो आणि बदलापूरला घर बघता येते. पण पाणी येण्याआधी परवानगी जाते हा क्रम त्या बेटासारखाच आहे, आणि तो क्रम बदलणे आपल्या हातात आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती ठाणे जिल्ह्यातल्या सगळ्याच महानगरपालिकांकडे आहे. लोकसंख्येचा अंदाज जाहीर करताना कोणत्या जनगणना घेतल्या, हद्द कोणत्या सालची धरली आणि रीत कोणती वापरली, हे त्याच पानावर छापावे. एकच आकडा न सांगता कमाल व किमान सांगावे. २०३१चे ठाणे ‘२९ ते ४२ लाखांच्या दरम्यान’ असे म्हणण्यात कमीपणा नाही, आणि एवढी रुंद फट पाहून कुणाला अस्वस्थ वाटले, तर ते चांगलेच आहे. धारणक्षमता वक्रातून काढू नये. ती पाण्याच्या लिटरांत, मलनिःसारण केंद्राच्या क्षमतेत आणि रस्त्याच्या रुंदीत, प्रभागवार मोजावी. सर्वांत तोकडे जे असेल, ते त्या प्रभागाची मर्यादा मानावे. बांधकाम परवानग्यांवरून पुढच्या पाच वर्षांत किती सदनिका भोगवट्याला येणार हे संबंधित खात्याला आजच ठाऊक असते. तो आकडा त्याच प्रभागाच्या पाण्याशेजारी मांडला, तर उशिराचा अर्धा प्रश्न तिथल्या तिथे सुटेल. यासाठी सल्लागार कंपनी लागत नाही. माझ्या वर्गातली दुसऱ्या वर्षाची मुले हे एका दुपारी करत, फक्त त्यांना आकडे हाती मिळायला हवेत. मी स्वतः एकदा एका कार्यालयात २०५१च्या अंदाजामागची रीत विचारायला गेलो होतो. तिथल्या सज्जन अधिकाऱ्यांनी चहा पाजला, जाडजूड अहवाल दाखवला, आणि त्यात परिशिष्ट जोडायचे राहून गेल्याचे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आले.

जाता जाता माझेही आकडे कागदावर ठेवतो, म्हणजे इतरांकडून हिशेब मागण्याचा मला अधिकार राहील. १ मार्च २०२७ या दिनांकासाठी ठाणे महानगरपालिकेच्या जुन्याच हद्दीत सरळ बेरजेची रीत २६.७ लाख सांगते, व्हरहुल्स्टची रीत २८.१ लाख आणि भूमितीय श्रेणी ३५.८ लाख. माझी पैज पहिल्या दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे. जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा हे पत्र आपल्या दप्तरातून काढून त्यांच्याशेजारी छापावे. मी फार चुकलो असेन, तर पहिले पत्र माझेच येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)